बूड

जून लागला, बंदी आली.
तारामुंबरीच्या वाळूवर चौघांनी होडी ओढली,
पालथी घातली, वर झाप टाकले.
त्याच आठवड्यात बायही पालथी पडायला शिकली
आणि प्रणोती म्हणाली,
अहो, हे बघा हिचं बूड.

लाल. उकडलेल्या कोळंबीसारखं.
जांघेच्या घडीत ओलसर, चकाकणारं,
आणि कडेच्या बऱ्या कातडीवर
लांब लांब उडालेले बारीक ठिपके,
जशी मोठ्या बेटाभोवती खडपं असतात
नकाशात नसलेली.

आधी खोबरेल लावलं.
मग दुर्गावहिनी सुगंधी पावडर घेऊन आल्या,
ती घडीत बसून पिठाच्या गोळ्या झाल्या.
लंगोट तीन तीन दिवस दांडीवर,
हाताला लागायचे सुकल्यासारखे,
गालाला लावले की कळायचं.
मग देवगडातून डायपरचं पुडकं आणलं
आणि महाग म्हणून एकेक रात्रभर ठेवला.
हे मी कबूल करतो. पैसे मीच मोजत होतो.

सतरा दिवस.
मुतली की किंचाळायची.
समुद्रात मी वादळ ऐकलंय, इंजिन बंद पडलेलं ऐकलंय,
पण ते किंचाळणं
दारामागे उभं राहून ऐकायचो.

जामसंड्याच्या डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला,
ते बारके ठिपके पाहिले आणि म्हणाल्या, बुरशी आहे.
तेलाने जायची नाही. पावडर आजपासून बंद.
कोमट पाणी, नुसतं. पुसू नका, टिपा.
पुरतं सुकू द्या. मग हे औषध, पातळ, दोन वेळा.
वर हे पांढरं, जाड, लोण्यासारखं.
आणि दर वेळी ते खरवडून काढायचं नाही,
घाण तेवढी काढा, थर राहू दे.

मला हसू आलं. प्रणोतीने कोपर मारलं.
काय सांगू, बाई मला माझाच धंदा शिकवत होत्या.
ओल्या फळीवर तेल चढवलं
तर आतलं पाणी आतच राहतं,
वरून तुकतुकीत आणि आतून भुसा.
हे मी पोरांना ओरडून सांगतो दर वर्षी,
आणि घरात
सतरा दिवस ओल्यावरच तेल.

माझा अंगठा जाळ्याच्या दोरीने चिरलेला,
तळवा कालवाच्या शिंपीसारखा.
प्रणोती म्हणाली, करंगळीने लावा,
तुमची तेवढीच माणसासारखी आहे.
तेव्हापासून मलम माझ्याकडे.

दुपारी चटईवर मेणकापड, त्यावर धुवट लुगडं,
त्यावर बाय, उघडी.
लाईट गेली की मी सुपाने वारा घालायचो.
एकदा तिने डिझेलच्या पासबुकावर नेम धरला,
अक्षरं पसरली, मी रागावलो नाही;
निदान किंचाळली नाही.
लंगोट उकळायचे, मग इस्त्री,
वाफ निघायची थांबेपर्यंत इस्त्री.

तिसऱ्या दिवशी काहीच नाही.
चौथ्या रात्री मी ट्यूब भिंतीवर फेकली,
मग बॅटरी घेऊन खाटेखाली शोधत बसलो.
सहाव्या सकाळी ठिपके फिके,
आधी बाहेरची खडपं बुडाली, मग बेट आकसलं.
गेलं असं वाटलं तरी काही दिवस लावा,
बाईंनी बजावलं होतं.
लावतोय.

आता किनाऱ्यावर डांबराचा वास सुटलाय,
प्रत्येक जण आपापल्या फळ्या ठोकून बघतोय.
काल दत्तुभाऊ कुंपणावरून ओरडला,
काय रे, सुकलं की नाय बूड?
मी म्हटलं, डावीकडचं बरं आहे,
उजव्या घडीत अजून जरा लाली.
तो डोकं खाजवत उभा राहिला.

होडी आहे तशीच पालथी.
आतमध्ये बायही,
कपडा न घालता, ढोपरं पोटाशी,
दाराकडे बूड करून झोपलीय
आणि उन्हाची एक तिरीप
नेमकी तिथेच.
मी दार थोडं आणखी उघडतो.